पहिल्या तापाचा ठसा : डॉ. थॉमस फ्रान्सिस

अमेरिकेतील इंडियाना राज्यात गॅस सिटी या गावी १५ जुलै १९०० रोजी थॉमस फ्रान्सिस यांचा जन्म झाला. १९२५ मध्ये येल विद्यापीठाची वैद्यकीय पदवी घेऊन ते न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत दाखल झाले. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने जगभर माजवलेला हाहाकार त्या पिढीच्या स्मरणात ताजा होता; मुंबई इलाख्यानेही तो सोसला होता. १९३३ मध्ये इंग्लंडमध्ये मानवी इन्फ्लुएन्झाचा विषाणू प्रथम हाती लागला. पुढच्याच वर्षी अमेरिकेत तो वेगळा करण्याचा पहिला मान फ्रान्सिस यांना मिळाला, आणि १९४० मध्ये त्यांनी ‘बी’ हा निराळा प्रकार शोधला.

१९४१ पासून मिशिगन विद्यापीठ ही त्यांची कर्मभूमी झाली. महायुद्धाच्या धामधुमीत, तरुण जोनास साल्क यांना हाताशी धरून, त्यांनी सैनिकांसाठी मृत विषाणूंची लस सिद्ध केली. १९४३ च्या चाचणीत ती यशस्वी ठरली. परंतु १९४७ मध्ये विषाणूने रूप पालटले आणि तीच लस निष्प्रभ झाली.

या अपयशाने फ्रान्सिस खचले नाहीत. निरनिराळ्या वयाच्या माणसांचे रक्त तपासता एक विलक्षण गोष्ट त्यांच्या व सहकाऱ्यांच्या ध्यानी आली. बालपणी ज्या विषाणूशी प्रथम गाठ पडली, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे प्रौढपणीही सर्वाधिक आढळत. पुढे नवा विषाणू आला तरी शरीर आधी जुन्याच शत्रूला आठवते. १९६० मध्ये त्यांनी या सिद्धान्ताला ख्रिस्ती धर्मातील मूळ पापाच्या कल्पनेवरून नाव दिले.

बालकाची पाटी मात्र कोरी असते. म्हणून तिच्यावरील पहिले अक्षर मोलाचे. फ्लूची लस प्रथमच घेणाऱ्या लहान मुलांना महिन्याच्या अंतराने दोन मात्रा देतात, त्या याचसाठी. टोचलेली मृत लस मुख्यत्वे रक्तात प्रतिपिंडे निर्माण करते. नाकात फवारलेली सौम्य जिवंत लस नाकाच्या अस्तरातही पहारा बसवते. अशी लस फ्रान्सिस यांच्याच विभागातील हुनेन मासाब यांनी घडवली. अमेरिकेत तिला २००३ मध्ये परवानगी मिळाली.

साल्क यांच्या पोलिओ लसीची १९५४ ची चाचणी फ्रान्सिस यांच्याच देखरेखीखाली झाली. सुमारे १८ लाख मुले तिच्यात सामील होती. लस कोणाला आणि नुसते निष्क्रिय द्रावण कोणाला, हे टोचणाऱ्यालाही कळू नये, असा त्यांचा आग्रह होता, आणि चाचणीच्या मोठ्या भागात तो पाळला गेला. शिष्याचे यश गुरूने असे निष्ठुरपणे तपासले, म्हणूनच १२ एप्रिल १९५५ च्या निकालावर जगाने विश्वास ठेवला.

१ ऑक्टोबर १९६९ रोजी अ‍ॅन आर्बर येथे त्यांचे निधन झाले.