मातीचा हिशेब

सेलमन वॅक्समन हे नाव स्ट्रेप्टोमायसिनशी कायमचे जोडले गेले आहे. पण क्षयावरील त्या औषधापूर्वीची पंचवीस वर्षे या शास्त्रज्ञाने मातीत काय कुजते आणि ते कोण कुजवते, याच प्रश्नांमागे वेचली होती, याचे विस्मरण झाले आहे.

युक्रेनमधील एका खेड्यात १८८८ साली ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. १९१० साली ते अमेरिकेस गेले, न्यू जर्सीतील रट्गर्स येथे शेतकी शिकले आणि १९१८ साली डॉक्टरेट मिळवून तेथेच परतले. १९२७ साली मृदासूक्ष्मजीवशास्त्रावर आणि १९३६ साली ह्यूमसवर त्यांनी ग्रंथ लिहिले. क्षयाचे जंतू मातीत तग धरत नाहीत, या निरीक्षणाची पुढची पायरी म्हणजे १९४३ सालचे स्ट्रेप्टोमायसिन. ते हाती आले अल्बर्ट शॅट्झ या विद्यार्थ्याच्या. तरी १९५२ चे नोबेल एकट्या वॅक्समन यांना मिळाले. शॅट्झ यांना सहसंशोधकाचा मान आणि स्वामित्वधनातील वाटा यांसाठी १९५० साली न्यायालयाची पायरी चढावी लागली होती. १९७३ साली वॅक्समन निवर्तले.

या मृदाविद्येचा वारसा पिंपरीलाही लाभला. १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पुढे स्ट्रेप्टोमायसिनचे उत्पादन होऊ लागले. तेथील एम. जे. तिरुमलाचार व त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीरोधक औषध ज्या सूक्ष्मजीवापासून मिळवले, त्याच्या नावातच हे गाव आहे: स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना.

परंतु औषध देणे हे मातीचे जोडकाम होय. तिचे मुख्य काम मोडतोडीचे, आणि ते किती दूरवर जाते याचा पुरावा वॅक्समन यांच्या पश्चात मिळाला. ऊस व मक्यातील तण मारण्यासाठी फवारले जाणारे ॲट्राझिन घ्या. कार्बन व नत्राचे तीन-तीन अणू आलटून पालटून गुंफलेले त्याचे कडे सहजासहजी तुटत नाही. १९९५ साली मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी तणनाशक सांडलेल्या मातीतून ते पचवणारा स्यूडोमोनास जीवाणू वेगळा केला. तो प्रथम क्लोरिन काढून टाकतो, मग बाजूच्या साखळ्या छाटतो, उरलेले सायन्युरिक आम्लाचे कडे फोडतो आणि त्यातील नत्र स्वतःच्या वाढीसाठी वापरतो. शेवटी उरतात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड. मात्र या कामाला ओल लागते. आणि नत्रखताचा मारा झाला, तर आयता नत्र मिळाल्याने अनेक जीवाणू कड्याच्या वाटेस जात नाहीत.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहता ही फुकट मिळणारी मजुरी आहे, आणि जी मजुरी फुकट मिळते तिची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही. पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत शेतजमीन कारखान्यांखाली गेली. तिचा भाव चौरस फुटांनी ठरला. पण वरच्या वीतभर मातीतील जीवसृष्टीचे मोल त्या व्यवहारात कोठेच आले नाही. काँक्रीटखाली हवा-पाणी तुटले की हे कामगार उपाशी पडतात. मग शेजारच्या शिवारातून वाहून आलेले रसायन जिरवण्यास कोणी उरत नाही. ते ओढ्यात आणि विहिरीत उतरते.

उद्योग नकोत, असा याचा अर्थ नव्हे. पायासाठी खणलेली वरची माती भरावात गाडण्याऐवजी शेतांकडे परत पाठवावी, भूखंडांमध्ये उघडी जमीन राखावी आणि नत्रखत मोजून द्यावे, एवढे तरी नियमाने साधता येईल. शॅट्झ यांना आपला वाटा मागण्यासाठी न्यायालय गाठता आले. मातीतील जीवाणूंना ती सोय नाही. त्यांचा वाटा हिशेबात धरणे हे माणसांचेच काम आहे.