मोगादोरचे शिंपी आणि ऑर्सन वेल्स

१९४९ सालच्या जून महिन्यात मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मोगादोर या तटबंदीच्या गावी एक चित्रपटमंडळी येऊन उतरली. नट आले, कॅमेरे आले. पोशाख मात्र आलेच नाहीत. पाठोपाठ पैशाचाही ओघ आटला. इटलीतील ज्या निर्मितीसंस्थेच्या भरवशावर हा सारा व्याप मांडला होता, तिचे दिवाळे निघाल्याची वार्ता तारेने दिग्दर्शकाच्या हाती पडली. दिग्दर्शक होते ऑर्सन वेल्स, वय वर्षे चौतीस. आणि चित्रपट होता शेक्सपिअरचा ‘ऑथेल्लो’, ज्याची कथा मराठी रसिकांना देवलांच्या ‘झुंजारराव’ने कधीच परिचित करून दिली होती.

असा प्रसंग वेल्स यांना नवा नव्हता. ६ मे १९१५ रोजी अमेरिकेतील केनोशा येथे जन्मलेल्या या मुलाची पियानोवादक आई तो नऊ वर्षांचा असताना गेली आणि पंधराव्या वर्षी पितृछत्रही हरपले. सोळाव्या वर्षी हा मुलगा आयर्लंडला पोहोचला आणि आपण न्यूयॉर्कचे नामांकित नट असल्याची बेधडक बतावणी करून डब्लिनच्या गेट थिएटरमध्ये शिरला. त्या नाट्यसंस्थेच्या चालकांना, मायकेल मॅकलियामोर आणि हिल्टन एडवर्ड्स यांना, थाप कळली. पण तिच्याआडचे गुणही दिसले. पुढे न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत कृष्णवर्णीय नटसंचाकडून त्यांनी बसवलेला ‘मॅकबेथ’ (१९३६), मंगळवासीयांच्या स्वारीचे ते गाजलेले नभोनाट्य (१९३८) आणि पंचविशीतच साकारलेला ‘सिटिझन केन’ (१९४१) हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यानंतरची उतरती कळा तेवढी परिचित नाही. ते ब्राझीलमध्ये चित्रीकरणात गुंतले असता त्यांच्या दुसऱ्या चित्रपटाची हॉलिवूडने परस्पर काटछाट केली. १९४८ चा ‘मॅकबेथ’ त्यांनी अवघ्या २३ दिवसांत उरकला, तरी मोठ्या स्टुडिओंची मर्जी परतली नाही. ते युरोपात आले.

तेथून आफ्रिकेत येण्यामागे एक वेगळी दृष्टी होती. ‘मोरोक्को’ (१९३०) आणि ‘कासाब्लांका’ (१९४२) हे दोन्ही नामवंत चित्रपट कॅलिफोर्नियात तयार झाले होते; हॉलिवूडला मोरोक्को हवा होता तो पडद्यामागच्या रंगवलेल्या भिंतीपुरता. वेल्स यांनी हे गणित उलटवले. त्यांना हवे होते सायप्रस, आणि त्यासाठी त्यांनी खरीखुरी मोगादोर निवडली. अठराव्या शतकात सुलतान मोहम्मद तिसरा यांनी एका फ्रेंच स्थापत्यकाराकडून आखून घेतलेले हे नगर, समुद्राकडे तोंड करून बसलेल्या त्याच्या तोफा आणि अखंड घोंगावणारा वारा, यांतले काहीच उभारावे लागणार नव्हते. मूर सेनापतीची कथा मूरांच्या भूमीवर घडावी आणि त्या भूमीने मात्र सायप्रसचे सोंग घ्यावे, यातला विरोधाभास त्यांना नक्कीच रुचला असणार.

तार आल्यावर गाशा गुंडाळणे हाच शहाणपणाचा मार्ग होता. वेल्स यांनी गावातील शिंपी बोलावले. मोगादोर हे ज्यूंची मोठी वस्ती असलेले जुने व्यापारी बंदर होते आणि तेथे सुईदोऱ्याचे कसबी हात दुर्मीळ नव्हते. जुनी चित्रे दाखवून पंधराव्या-सोळाव्या शतकातील व्हेनिसचे पोशाख बेतून घेण्याचे ठरले. किनाऱ्यावर तारल्या माशांचे डबे मुबलक. त्यांचा पत्रा ठोकून चिलखते घडवण्यात आली. परंतु कपडे शिवून होईपर्यंत रिकामे बसायचे कसे? रॉडरिगोच्या हत्येचा प्रसंग वेल्स यांनी हमामात नेला. वाफ, ओल्या भिंती आणि टॉवेल गुंडाळलेली माणसे. पोशाखाचा प्रश्नच मिटला. आज तो प्रसंग चित्रपटाच्या सर्वोत्तम प्रसंगांत गणला जातो आणि त्याची निवड अडचणीपोटी झाली होती, हे पाहणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

पुढची जवळजवळ तीन वर्षे विलक्षण ओढाताणीची होती. पैसे संपले की वेल्स दुसऱ्यांच्या चित्रपटांत भूमिका करायला जात, मेहनताना घेऊन परतत आणि विखुरलेल्या मंडळींना पुन्हा गोळा करीत. यागोची भूमिका करीत होते तेच डब्लिनचे मॅकलियामोर. डेस्डेमोनाच्या वडिलांच्या भूमिकेत एडवर्ड्स होते. चित्रीकरण कधी मोगादोरला, कधी साफीला, कधी व्हेनिसला. माझागान, म्हणजे आजचे अल जदीदा, येथील भूमिगत जलकुंडातही कॅमेरा उतरला. गोव्याच्या वाचकाला त्या कमानी अनोळखी वाटणार नाहीत. सोळाव्या शतकात पोर्तुगीज जसे मांडवीच्या काठी बांधकामे करीत होते, तसेच या किनाऱ्यावरही. १७६९ मध्ये त्यांनी माझागान सोडले, कुंड मागे राहिले. पंचवीस खांब, छतातून उतरणारा प्रकाशझोत आणि जमिनीवर साचलेल्या पाण्यातली प्रतिबिंबे अशा त्या जागेचा उपयोग वेल्स यांनी मद्यधुंद हाणामारीसाठी करून घेतला.

एक गोष्ट आज खटकते, आणि खटकायलाच हवी. आफ्रिकेच्या भूमीवर मूराची भूमिका चेहरा काळवंडवलेल्या गोऱ्या अमेरिकन नटाने केली. स्थानिकांच्या वाट्याला गर्दीतली कामे आली. हार्लेममध्ये कृष्णवर्णीय नटांना राजमुकुट देणाऱ्या वेल्स यांच्याकडून अधिक अपेक्षा करणे गैर ठरणार नाही.

१९५२ मध्ये हा चित्रपट कान महोत्सवात मोरोक्कोच्या नावाने दाखल झाला आणि सर्वोच्च पारितोषिक एका इटालियन चित्रपटासह त्याला विभागून मिळाले. मोरोक्को त्या वेळी फ्रेंचांच्या संरक्षणाखाली होता. स्वातंत्र्याला आणखी चार वर्षे अवकाश होता.

त्यानंतर परदेशी दिग्दर्शकांची रीघ लागली. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’चा काही भाग तेथेच चित्रित झाला, जॉन ह्यूस्टन यांनी किपलिंगचे काफिरिस्तान ॲटलास पर्वतात शोधले, मार्टिन स्कोर्सेसी यांनी वारझाझातमध्ये तिबेट उभा केला. परक्या देशाचे रूप घेणे हाच मोरोक्कोचा व्यवसाय बनला. आता तेथील सरकार परदेशी निर्मात्यांना देशात केलेल्या पात्र खर्चाच्या ३० टक्के रक्कम परत करते आणि आफ्रिकेतील इतर देशही अशाच सवलतींची स्पर्धा करतात. वेल्स यांच्या वेळी असे काही नव्हते. सवलत दिली ती मोगादोरच्या कारागिरांनी, आपल्या हातांची.

वेल्स यांचा अखेरचा पूर्ण झालेला चित्रपट ‘फिल्मिंग ऑथेल्लो’ (१९७८) याच दिवसांच्या आठवणींचा आहे. १० ऑक्टोबर १९८५ रोजी लॉस एंजेलिसमध्ये त्यांचे निधन झाले. अस्थी स्पेनमधील रोंदा येथे एका मित्राच्या शेतावर विसावल्या. मोगादोरचे नाव आता एस्सावीरा आहे. तटाबाहेर, समुद्राच्या बाजूला, त्यांच्या नावाचा एक लहानसा चौक आहे आणि तिथे त्यांची प्रतिमा कोरलेली आहे. शिंप्यांच्या नावाचा चौक नाही.