विमानाचे हलके इंजिन बनवणारे ऑर्विल राईट

आपल्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे विमानतळ आहे. तिथे विमान चालवायला शिकवतात. जगात इंजिनाचे विमान सर्वात आधी उडवणाऱ्या ऑर्विल राईट यांची माहिती मी लिहीत आहे.

ऑर्विल यांचा जन्म १९ ऑगस्ट १८७१ रोजी अमेरिकेतील डेटन शहरात झाला. वडिलांचे नाव मिल्टन आणि आईचे नाव सुसान होते. आईला हत्यारे छान चालवता यायची. ती मुलांना खेळणी घरीच करून द्यायची. विल्बर हे ऑर्विल यांचे मोठे भाऊ. दोघे नेहमी सोबत राहायचे.

ऑर्विल सात वर्षांचे असताना वडिलांनी एक खेळणं आणलं. रबराला पीळ देऊन सोडलं की ते भिरभिरत वर जायचं. ते छोटं हेलिकॉप्टरच होतं. दोघा भावांनी तसंच मोठं बनवलं, पण ते काही केल्या उडेना. आकार दुप्पट केला तर जोर दुपटीपेक्षा खूप जास्त लागतो, हे त्यांना पुढे कळलं.

१८९२ साली त्यांनी सायकलीचे दुकान काढले. मग विमानाचा ध्यास लागला. १९०० ते १९०२ अशी तीन वर्षे त्यांनी किटी हॉक या समुद्रकाठच्या गावी बिनइंजिनाची विमाने वाऱ्यावर उडवली. आधी हवेत तोल सांभाळायला शिकले, मग इंजिनाच्या मागे लागले.

दोघांनी हिशोब केला. इंजिन निदान ८ हॉर्सपॉवरचे पाहिजे आणि वजन १८० पौंड, म्हणजे सुमारे ८२ किलोच्या वर नको. डिसेंबर १९०२ मध्ये त्यांनी कारखान्यांना पत्रे लिहिली. पण तसे इंजिन कोणाकडेच मिळाले नाही. मोटारींची इंजिने जड होती. आमच्या धानाच्या बांधीजवळचे पाण्याचे इंजिन पाच हॉर्सपॉवरचे आहे, तरी उचलायला चार माणसे लागतात. जड इंजिन उचलायला मोठे पंख लागतात. मोठ्या पंखांनी वजन वाढतं. मग आणखी मोठं इंजिन लागतं. असं ते संपतच नाही.

शेवटी इंजिन घरीच करायचं ठरलं. त्यांच्या दुकानात चार्ली टेलर नावाचे हुशार मिस्त्री होते. त्यांनी लेथ मशीनवर सहा आठवड्यांत इंजिन तयार केले. त्याला चार सिलिंडर होते. बाहेरचा सांगाडा लोखंडाचा न करता अॅल्युमिनियमचा ओतून घेतला. अॅल्युमिनियम म्हणजे आपण ज्याला जर्मन म्हणतो ते. ते लोखंडाच्या तिसऱ्या हिश्शाइतकेच जड असते. एका हातात लोखंडी तवा आणि दुसऱ्या हातात जर्मनचा गंज धरून पाहा, म्हणजे कळेल. फेब्रुवारी १९०३ मध्ये चाचणी घेताना तो सांगाडा फुटला. ते खचले नाहीत. दुसरा ओतून घेतला. हे इंजिन १२ हॉर्सपॉवर जोर देऊ लागले. हिशोबापेक्षा जास्तच! सायकलीसारख्या साखळ्यांनी त्यावर दोन पंखे फिरायचे.

त्याच वेळी लँगली नावाचे मोठे शास्त्रज्ञ विमान बनवत होते. त्यांचे इंजिन ५२ हॉर्सपॉवरचे होते. पण ८ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे विमान उडताच नदीत पडले. नुसत्या जोराने विमान उडत नाही.

त्यानंतर नऊच दिवसांनी, १७ डिसेंबर १९०३ रोजी, किटी हॉकला कडाक्याच्या थंडीत ऑर्विल विमानावर पालथे झोपले. विमान १२ सेकंद उडाले आणि १२० फूट गेले. शाळेच्या पटांगणात १२० फूट मोजून पाहा, फार नाही. पण माणूस इंजिनाच्या बळावर उडाला. त्याच दिवशी विल्बर ५९ सेकंद उडाले आणि ८५२ फूट गेले.

पुढे दुःखही आलं. १९०८ साली ऑर्विल यांचे विमान पडले. सोबतचे सेल्फ्रिज नावाचे लष्करी अधिकारी मरण पावले आणि ऑर्विल यांचा पाय मोडला. बरे झाल्यावर ते पुन्हा उडाले. १९१२ साली विल्बर विषमज्वराने वारले. ऑर्विल ३० जानेवारी १९४८ रोजी वारले. दोघांनीही लग्न केले नाही.

आज लहान विमानांना ८० हॉर्सपॉवरचे इंजिन बसवतात. त्याचे वजन सुमारे ६० किलोच असते. एवढी प्रगती झाली, पण नियम तोच आहे. आधी हिशोब, मग चाचणी आणि मग उड्डाण. विदर्भातल्या एका तरुणाने २०२१ साली मोटारीचे इंजिन लावून हेलिकॉप्टर बनवले होते. चाचणीत पाते तुटून त्याचा जीव गेला. म्हणून मुलांनो, मोठ्यांना विचारल्याशिवाय इंजिनाशी खेळू नका.

राईट बंधूंकडे मोठा कारखाना नव्हता. सायकलीचे दुकान होते आणि चिकाटी होती. आपणही त्यांच्यासारखे चिकाटीने शिकूया. अशा या थोर संशोधकाला माझा नमस्कार.

– इयत्ता ४ थी