पुण्यसंचयाकडून कृपेकडे : पंडिता रमाबाईंचे अंतर्जीवन

पंडिता रमाबाईंच्या (१८५८-१९२२) चरित्राची मांडणी बहुधा त्यांच्या सार्वजनिक कार्याभोवती केली जाते. कलकत्त्यातील पंडितांनी केलेला गौरव, शारदा सदनाचा वाद, केडगावचे मुक्ती मिशन हे टप्पे सांगून झाले की चरित्र पुरे झाले, अशी समजूत दिसते. धर्मांतराचा विषय निघाला म्हणजे बाजू घेतल्या जातात आणि १८८३ हे साल कोणाला अपराधाचे, तर कोणाला उद्धाराचे वाटते. स्वतः रमाबाईंनी मात्र १९०७ साली इंग्रजीत लिहिलेल्या आपल्या साक्षीत या सालाला अखेरचे स्थान दिलेले नाही. बाप्तिस्म्यानंतरही सुमारे आठ वर्षे आपले मन अतृप्तच होते, अशी कबुली त्या देतात. ही अतृप्ती समजून घ्यावयाची तर त्यांच्या तारुण्याच्या आरंभीच्या दुष्काळापर्यंत मागे जावे लागते.

अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नी लक्ष्मीबाईंना संस्कृत शिकविले आणि त्याबद्दल स्वजातीयांचा रोष पत्करला. गंगामूळच्या अरण्यातील आश्रम सोडल्यावर हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडत, पुराणे सांगत राहिले. मिळालेले द्रव्य दानधर्मात आणि व्रतवैकल्यांत खर्च होत असे. पुण्याचा संचय हीच त्यांची पुंजी होती. १८७४च्या सुमारास सुरू झालेल्या दुष्काळाच्या वर्षांत ही पुंजी उपयोगी पडली नाही. अंगमेहनतीची कामे शिकलेली नव्हती, भिक्षा मागण्याची लाज होती. वडिलांनी जलसमाधीचा विचार केला. थोरल्या भावाने, श्रीनिवासशास्त्र्यांनी, मिळेल ते हलके काम करण्याची तयारी दाखविल्यावर तो मागे पडला, परंतु वडील वाचले नाहीत. पाठोपाठ आई गेली, पुढे थोरली बहीणही. आजारी आईसाठी शेजारी भाकरीचा तुकडा मागावयास गेलेल्या रमाबाईंच्या तोंडून शब्द फुटेना. आईचे शव उचलण्यास माणसे पुरेनात, तेव्हा ही ठेंगणी मुलगी चौथी खांदेकरी झाली. खांदा पुरत नव्हता म्हणून तिने तो भार डोक्यावर घेतला.

या आठवणी रमाबाई पुन्हापुन्हा सांगतात. त्यांत केवळ शोक आहे असे म्हणणे अपुरे ठरेल. इतर गेले आणि आपण उरलो, ही सल त्यांच्या कथनात सर्वत्र जाणवते. तिच्या जोडीला वडिलांची अखेरची आज्ञाही होती. दृष्टी गेलेल्या अनंतशास्त्र्यांनी धाकट्या मुलीला जवळ घेऊन, सन्मार्गाने राहावे आणि आयुष्यभर देवाची सेवा करावी, असे बजावले होते. पुढे धर्म बदलणाऱ्या मुलीला ही आज्ञा किती जड झाली असेल, याचा विचार चरित्रकारांनी फारसा केलेला नाही.

१८८० साली भाऊ आणि १८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांचा मृत्यू झाला. १८८३ साली लहानग्या मनोरमेसह रमाबाई इंग्लंडला गेल्या. वाँटेजच्या भगिनीसंघाच्या फुलहॅम येथील शाखेत, पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांना सन्मानाने वागविले जात असल्याचे त्यांनी पाहिले. हा दयाभाव कोठून येतो या त्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा त्यांना वाचून दाखविण्यात आली. जिच्या गतायुष्याची झडती न घेता जिला जीवनाचे पाणी देऊ केले गेले, ती ही स्त्री. धर्मशास्त्रांत स्त्रीच्या मोक्षाची वाट शोधून थकलेल्या या विदुषीला कथेचा अर्थ लगेच उमगला. त्याच सुमारास सोबत आलेल्या आनंदीबाई भगत यांनी आत्महत्या केली. तशा मनःस्थितीत, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला.

तरीही ओझे उतरले नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता, असा भेद त्यांनी पुढे केला. तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. धर्म बदलला तरी धर्माचरणाची घडण जुनीच होती : ज्ञान, कर्म, पात्रता यांची जमवाजमव. १८९१च्या सुमारास विल्यम हॅझलम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मचरित्र त्यांच्या वाचनात आले. स्वतः धर्मोपदेशक असूनही तारणाचा अनुभव नसलेल्या या माणसाची कथा वाचून त्यांना आपली स्थिती कळली. क्षमा मिळवावयाची नसते, ती दिली गेलेली असते. माणसाने ती फक्त घ्यावयाची. अनंतशास्त्र्यांच्या घराने जे आयुष्यभर जमविले आणि जे दुष्काळात कामी आले नाही, त्याच्या नेमके उलट टोक हे होते. वडिलांच्या आज्ञेकडेही त्या आता निराळ्या दृष्टीने पाहू शकल्या. त्यांनी अज्ञात देवाची मनोभावे सेवा केली, असे त्या लिहितात. त्या वाक्यात वडिलांचा धिक्कार नाही आणि स्वतःची सफाईही नाही. शास्त्रीबोवांना हा अन्वय मान्य झाला असता काय, हा प्रश्न अर्थातच उरतो.

या मुक्ततेची किंमत लवकरच द्यावी लागली. रमाबाईंच्या प्रार्थनेला सदनातील मुली बसू लागल्या, १८९३ साली गहजब झाला, न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. हा वाद पुष्कळ लिहिला गेला आहे.

अधिक महत्त्वाचे ते १८९६-९७ साली घडले. मध्य प्रांतात दुष्काळ पडला आणि रमाबाई तेथे गेल्या. उपाशी मुलींच्या चेहऱ्यांत त्यांनी वीस वर्षांपूर्वीची रमा पाहिली, हे त्यांच्या त्या वेळच्या लेखनावरून स्पष्ट दिसते. काही महिन्यांत सुमारे ३०० मुली व स्त्रिया त्यांनी आणल्या, आणि केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. १८९९ साली तेथेच पतित समजल्या गेलेल्या स्त्रियांसाठी कृपा सदन निघाले. फुलहॅमला पाहिलेले चित्र सोळा वर्षांनी मराठी मुलखात उतरले. ज्या आठवणी पूर्वी मन कुरतडत, त्याच आता कामाची दिशा ठरवीत होत्या. कृपेने भूतकाळ पुसला असे मात्र म्हणता येत नाही. आईसाठी मागितलेली ती भाकरी त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत.

उत्तरायुष्यात हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी संपूर्ण बायबल मराठीत आणले. पुराणिकाच्या घरात अमरकोश आणि भागवत मुखोद्गत केलेल्या या पंडितेने येथे संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले, कारण वाचक म्हणून तिच्यासमोर केडगावच्या मुली होत्या. १९२१ साली मनोरमा गेली. अनुवादाचे काम थांबले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंचे निधन झाले. त्यांचे बायबल १९२४ साली मुक्ती मिशनच्याच छापखान्यातून संपूर्ण बाहेर पडले.