खंजिरीवरचा शब्द

कीर्तनास नुकतेच उभे राहू लागलेले तरुण भेटले की पहिला प्रश्न बहुधा हाच करतात, की बोलण्याचा परिणाम श्रोत्यांवर व्हावा कसा? दृष्टांत किती घ्यावेत, चाल कोठे बदलावी, आवाज कोठे चढवावा, हे सारे त्यांनी वहीत उतरून घेतलेले असते. आम्ही त्यांना वही मिटावयास सांगतो आणि राष्ट्रसंत श्रीतुकडोजी महाराजांचे चरित्र सांगावयास बसतो. आम्हां नागपूरकरांना त्यासाठी फार लांब जावे लागत नाही.

अमरावती जिल्ह्यातील यावली गावी 30 एप्रिल 1909 रोजी महाराजांचा जन्म झाला. नाव माणिक. वडील बंडोजी शिवणकाम करीत, आई मंजुळाबाई. घरात दारिद्र्य होते, पण देवाचे नाव होते. शाळा प्राथमिक इयत्तांच्या पुढे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांच्या पायाशी हे पोर भजन म्हणे आणि भाकरीचा तुकडा मिळवी. त्यातूनच तुकड्या हे नाव पडले व पुढे त्याचे तुकडोजी झाले. गुरू गेल्यावर ते रामटेक, सालबर्डी, रामदिघी अशा रानांतून हिंडले. रानातून परतले ते हातात खंजिरी घेऊन.

खंजिरी म्हणजे तळहाताएवढे कातडे आणि चार झांजा. त्यावर महाराज स्वतः रचलेली भजने म्हणत, कधी मराठीत, कधी साध्या हिंदीत. शब्द असे की औत हाकणाऱ्याला कोणाला अर्थ विचारावा लागू नये. आता यात नवल काय, असे कोणी म्हणेल. सोपे बोलणारे पुष्कळ असतात. पण आपण वारकरी एक गोष्ट जाणतो, की टाळकऱ्यांनी धृपद उचलले नाही तर बुवा कितीही विद्वान असोत, कीर्तन उभे राहत नाही. महाराजांच्या सभेत टाळकरी वेगळे नव्हतेच. हजारोंचा समुदाय तोच टाळकरी. एकाने सांगितलेली गोष्ट माणूस घरी जाईतो विसरतो. पण जी त्याने आपल्या तोंडाने दहा वेळा म्हटली, ती त्याची स्वतःची होते. दुसऱ्या दिवशी पेरणी करताना ती ओठांवर येते. परिणामाचे मर्म निम्मे येथे आहे, असे आमचे मत.

उरलेले निम्मे आचरणात आहे. 1935 साली नागपूर-अमरावती रस्त्यावर मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम उभा केला. प्रार्थना सर्वांनी एकत्र बसून करावयाची, जात पाहावयाची नाही, गाव झाडावयाचे, व्यसन सोडावयाचे. भजनात जे गाइले ते मोझरीत येऊन कोणीही पाहून जावे. 1936 मध्ये महात्मा गांधींच्या बोलावण्यावरून ते सुमारे महिनाभर सेवाग्रामला राहिले, तेव्हाही सोबत खंजिरी होतीच.

येथवर ऐकून तरुण मंडळी खूश होतात. पुढचा भाग ऐकताना मात्र त्यांच्या माना खाली जातात.

1942 सालची गोष्ट. महाराजांची भजने तेव्हा पेटली होती. दगडधोंडेही बॉम्ब होतील आणि भक्तांची फौज होईल, अशा आशयाचे त्यांचे भजन गावोगाव म्हटले जाई. 16 ऑगस्टला, नागपंचमीच्या दिवशी, तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातील चिमूर आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टी ही दोन गावे उठली. गोळीबार झाला. चिमूरला बालाजी रायपूरकर हा कोवळा पोर गेला. खवळलेल्या जमावाने सरकारी अधिकारी मारले. आष्टीस गावकरी पडले तसे पोलीसही पडले. मग चिमुरात फौज शिरली आणि बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले, त्यांच्या चौकशीसाठी प्राध्यापक भन्साळींना 63 दिवस उपोषण करावे लागले. अनेकांना फाशीच्या शिक्षा ठोठावल्या गेल्या. त्या रद्द व्हाव्यात म्हणून नागपूरच्या अनसूयाबाई काळे यांनी जिवाचे रान केले, तेव्हा पुष्कळांच्या गळ्याचा फास सुटला.

सरकारने महाराजांना 28 ऑगस्टला चांद्यास पकडले आणि नागपूरच्या तुरुंगात, पुढे रायपूरच्या तुरुंगात ठेवले. ज्याच्यापाशी लाठीसुद्धा नव्हती अशा भजनी साधूला कोंडावयास साम्राज्य निघाले, हा त्या वाणीचा केवढा गौरव, असे म्हणण्याची रीत आहे. आम्हांलाही पूर्वी तसेच वाटे. वय झाल्यावर वाटू लागले की नुसता गौरव करून भागत नाही. शब्द पोचतो म्हणजे काय होते, ते चिमुराने दाखविले: कोणाचे पोर जाते, कोणाचे कुंकू जाते. सरकारी माणसांच्याही घरी बायका रडल्याच असतील. त्या लढ्याचे मोल आम्ही कमी लेखत नाही. पण टाळ्यांसाठी बोलणाऱ्या बुवाने एकदा चिमूरच्या वाटेने जाऊन यावे.

त्या वर्षाच्या अखेरीस महाराज सुटले. खंजिरी तीच राहिली. तिच्यावर आता गाव स्वच्छ करण्याचे, तंटा मिटविण्याचे, पोरे शिकविण्याचे बोल अधिकाधिक येऊ लागले. गुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा गावोगाव पसरल्या. विनोबांच्या भूदानासाठी ते हिंडले. शेतकऱ्याकडून जमीन मागणे म्हणजे काय, हे ज्याचे बांधावरून भांडण झाले आहे त्यालाच कळेल. ज्ञानोबारायांनी ज्या ओवीत गीता सांगितली, त्याच ओवीत महाराजांनी ग्रामगीता लिहिली. अध्याय 41, ओव्या 4675. आणि त्यांत विषय कोणते? शेणखत, सांडपाणी, लग्नातला खर्च, गावची भांडणे. पंडितांस हे रुक्ष वाटेल. गावी मात्र ती पोथीसारखी वाचली जाते. 1955 मध्ये जपानच्या विश्वधर्म परिषदेस गेले तेथेही खंजिरी वाजली. डॉ. राजेंद्रप्रसादांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरविले. प्राथमिक शाळेपुढे न गेलेल्या या पुरुषाचे नाव 2005 साली आमच्या नागपूर विद्यापीठास मिळाले. पदवीच्या कागदावर ते वाचताना आम्हांला दरवेळी मनातल्या मनात हसू येते, आणि बरेही वाटते.

11 ऑक्टोबर 1968 रोजी दुपारी 4 वाजून 58 मिनिटांनी गुरुकुंजात महाराजांनी देह ठेवला. दरवर्षी पुण्यतिथीला मोझरीस लाखोंचा मेळा जमतो. दिवसभर खंजिऱ्या वाजत असतात. ती वेळ आली की वाजविणारे हात थांबतात, रस्त्यावरच्या गाड्या थांबतात, कडेवरचे पोर घेऊन आलेली बाई जागीच हात जोडून उभी राहते. एवढ्या मोठ्या समुदायात कोणी कोणास गप्प बसावयास सांगत नाही.