सर जगदीशचंद्र बोस व वनस्पतींची दिनचर्या

दिवस मावळला कीं शिरीषाचीं पानें मिटतात व उजाडतांच पुन्हां उघडतात, हें आमच्या वाचकांनीं पाहिलेंच असेल. पण तें कां घडतें हा प्रश्न फार थोड्यांस पडतो. ज्या थोर पुरुषानें आपल्या आयुष्याचीं अनेक वर्षें अशाच प्रश्नांस वाहिलीं, त्याचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजीं बंगालमध्यें झाला. वडील सरकारी अधिकारी. तरी त्यांनीं मुलास प्रथम बंगाली शाळेंत घातलें. तेथें कोळ्याचा मुलगा त्यांच्या शेजारीं बसे. पुढें कलकत्त्यास सेंट झेवियर्समध्यें फादर लाफों या जेझुइट गुरूंनीं त्यांस पदार्थविज्ञानाची गोडी लाविली. केंब्रिजहून परतल्यावर १८८५ सालीं ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत प्राध्यापक झाले. तेथें युरोपीय प्राध्यापकांहून हिंदी प्राध्यापकांस वेतन कमी असे. बोस यांनीं काम चोख केलें, पण तीन वर्षें वेतनास हात लाविला नाहीं. वडील कर्जांत असतांना हा निग्रह किती कठीण गेला असेल! अखेर पूर्ण वेतन मागील बाकीसह मिळालें व तें कर्ज फेडण्याच्या कामीं आलें. १८९६ सालीं विद्युत्‌लहरींवरील संशोधनाबद्दल लंडन विद्यापीठानें त्यांस डॉक्टर ही पदवी दिली.

नंतर ते वनस्पतींकडे वळले. रोपाची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारें यंत्र त्यांनीं निर्मिलें. लाजाळूचें झाड दिवसरात्र आपोआप नोंद करणाऱ्या यंत्रास जोडून पाहिलें, तों तें सकाळीं जवळजवळ बधिर असतें व दुपारपर्यंत पूर्ण जागें होतें, असें आढळलें. लवकर उठण्याच्या बाबतींत आमच्या वसतिगृहांतील कांहीं विद्यार्थ्यांस हा मोठाच आधार वाटेल!

फरीदपूरचें खजुरीचें झाड तर फारच प्रसिद्ध झालें. सायंकाळीं देवळांतील घंटा वाजूं लागली कीं तें वांकलेलें झाड आपला शेंडा जमिनीस टेकी व सकाळीं मान वर करी. लोक त्यास नमस्कार करीत. यंत्र लावल्यास झाडाचें माहात्म्य जाईल, या भीतीनें मालक राजी होईना. यंत्र हिंदी कारागिरांनींच केलेलें आहे व एक साहाय्यक पुरोहिताचा मुलगा आहे, हें कळल्यावर त्यानें अनुमति दिली. नोंदींवरून दिसलें कीं उष्मा वाढला म्हणजे झाड खालीं येई व गारवा पडला म्हणजे वर चढे. पुढें तें झाड मेलें व त्याबरोबर ही हालचालहि थांबली. म्हणजे ती जिवंतपणाचीच क्रिया होती.

येथें एक गोष्ट निःपक्षपातानें सांगितली पाहिजे. अशा हालचालींचें कारण बोस यांनीं मुख्यतः बाहेरच्या उष्णतेंत व प्रकाशांत शोधिलें. परंतु १७२९ सालींच द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञानें अंधारांत ठेविलेल्या रोपाचीं पानें ठरल्या वेळीं मिटतात व उघडतात असें नमूद केलें होतें. वनस्पतींच्या अंगींच काळ मोजणारी योजना असते, हें आतां सिद्ध आहे. इतकेंच नव्हे, तर नीलहरित जीवाणूंतहि ती आढळते. तेथें ती तीन प्रथिनांवर चालते, व २००५ सालीं जपानी संशोधकांनीं ती परीक्षानळींतहि चालवून दाखविली. तथापि झाडाची क्षणाक्षणाची नोंद घेण्याचा बोस यांचा मार्ग आम्हांस आजहि तितकाच मोलाचा वाटतो.

१९१७ सालीं आपल्या वाढदिवशींच त्यांनीं कलकत्त्यास बोस संशोधनमंदिर उघडलें. ज्या रॉयल सोसायटींत त्यांच्या वनस्पतिविषयक मतांस पूर्वीं कडवा विरोध झाला होता, तिनेंच त्यांस १९२० सालीं सभासद करून घेतलें. २३ नोव्हेंबर १९३७ रोजीं गिरिडीह येथें ते निवर्तले. एकोणऐंशीं वर्षें पुरीं होण्यास केवळ सात दिवस उरले होते.