गाडगेबाबांचे हरपलेले पितृछत्र

वाशीम जिल्ह्याला लागून असलेल्या मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या आजोळी संत गाडगे महाराजांचे बालपण गेले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परिटाच्या घरात जन्मलेल्या डेबूजींचे पितृछत्र दारूने लहानपणीच हिरावले. वडील झिंगराजी व्यसनापायी गेल्यावर आई सखूबाईंनी मुलासह माहेर गाठले. मामाची गुरे राखीत, शेत कसत डेबूजी वाढले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची प्रथा मोडून त्यांनी गोड जेवण घातले.

पुढे १ फेब्रुवारी १९०५ रोजी मात्र तेही घर सोडून निघाले. गावोगावी खराटा फिरला, धर्मशाळा उभ्या राहिल्या; संसाराचा भार मात्र पत्नी कुंताबाईंनी वाहिला. १९२३ मध्ये पुत्र गोविंद दगावला, तेव्हाही बाबा घरी नव्हते. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले.

दारू आणि कर्ज घर कसे पोखरतात, हे बाबांनी कीर्तनांतून जन्मभर सांगितले. २००६ च्या केंद्रीय शेतकरी पॅकेजमध्ये विदर्भातील आत्महत्याग्रस्त सहा जिल्ह्यांत वाशीमही होता. कर्त्या पुरुषाची घुसमट वेळीच ओळखली, तरच त्याच्या लेकरांवरचे छत्र टिकेल.